मोर्चा कुणाच्या दारात?

आषाढ सरत आला की नाशिकरोडला मटण-चिकनच्या दुकानांपुढच्या रांगा वाढतात. श्रावणाआधीचा शेवटचा रविवार तर गटारीचाच. त्या दिवशी सकाळी डबे-पिशव्या घेऊन निघालेल्या माणसांसमोर, बिटको चौकात, काळे कपडे आणि मुखवटे घालून, हातातल्या पडद्यावर कत्तलखान्यातली दृश्ये दाखवत उभे राहावे का? मांस-अंड्यांबरोबर दूध-तूप-मधही सोडणाऱ्या व्हीगन मंडळींत हा प्रश्न जगभर वादाचा आहे. थेट भिडल्याने लोक जागे होतात, की होते तेवढेही दूर जातात?

हा वाद इथे एका मामा-भाचीच्या तोंडून मांडला आहे. मामा प्रेसमधून निवृत्त, जेल रोडला राहणारा, एके काळचा युनियनचा कार्यकर्ता आणि गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी. पळसे गावात त्याच्या धाकट्या भावाचा गोठा आहे. भाची पुण्यात नोकरी करणारी, काही वर्षांपासून व्हीगन. दोघेही मांसाला शिवत नाहीत. भांडण आहे ते रीतीचे. माणसे कल्पित आहेत, त्यांनी उल्लेखलेल्या सार्वजनिक घटना खऱ्या आहेत.

मामा : उभी राहायचं तर राहा. पण गटारीचाच मुहूर्त कशाला? लोकांच्या आनंदात माती कालवायची?

भाची : इतर दिवशी कोण थांबतं, मामा? आणि आम्ही कुणाला अडवत नाही. काही जण चौकोन करून, पाठीला पाठ लावून उभे राहतात. तोंडावर मुखवटा, हातात पडदा, एक शब्द बोलायचा नाही. जो आपणहून थांबेल त्याच्याशी बाजूला उभे असलेले दोघं-तिघं बोलतात. 2016 मध्ये मेलबर्नला ही पद्धत सुरू झाली आणि तिथून जगभरच्या शहरांत गेली.

मामा : मेलबर्नला मटण कसं मिळतं?

भाची : म्हणजे?

मामा : मोठ्या दुकानात, थंड कपाटात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. तिथल्या बहुतेकांनी बकरं कापताना जन्मात बघितलेलं नसतं. त्याला पडदा दाखवलास तर तो हादरेल. इथं गिऱ्हाईक स्वतः बोट दाखवतं, 'ती दे'. जाळीतून कोंबडी निघते, काट्यावर चढते, मान कापून पिंपात पडते. आतली फडफड थांबेपर्यंत दुकानदार पुढच्याचे सुट्टे पैसे मोजतो. बापाचं बोट धरून आलेलं पोरगंही ते बघत असतं. त्याला तू नवीन काय दाखवणार?

भाची : तो बघतो ते शेवटचं एक मिनिट. त्याआधीचं कोण बघतं? अंड्यासाठी पाळलेली कोंबडी सगळं आयुष्य तारेच्या पिंजऱ्यात काढते. तिच्या वाट्याला येणारी जागा ए-फोर कागदाएवढीही नसते, पंख पसरणं तर लांबच. 2017 मध्ये विधी आयोगानं आपला 269 वा अहवाल कोंबड्यांच्या या हालांवरच दिला. आणि अंड्याच्या जातीत जे नर पिल्लू निघतं ते अंडी देत नाही, मांसालाही परवडत नाही, म्हणून हॅचरीतच पहिल्या दिवशी मारून टाकतात. जर्मनीनं 2022 पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे 'संडे हो या मंडे' पोराटोरांना पाठ आहे, ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे?

मामा : मला नव्हती. मग हे दाखव की. बकऱ्याच्या गळ्यावरची सुरी कशाला दाखवतेस? ती तर दहा पावलांवर चालूच आहे.

भाची : कारण नुसतं 'पिंजरा लहान आहे' म्हटलं की लोक 'अरेरे' म्हणतात आणि पुढे जातात. धक्का बसल्याशिवाय माणूस हलत नाही.

मामा : धक्का बसलेला माणूस तुझ्या बाजूला येतो, असं कुणी सांगितलं?

भाची : खरं सांगायचं तर यावर आमच्यातही एकमत नाही. फाइनबर्ग, विलर आणि कोव्हाचेफ या तिघांचा 2020 मधला अभ्यास आहे, त्यात प्राणिहक्कवाल्यांचं उदाहरणही तपासलं होतं. आंदोलन टोकाला गेलं की सामान्य माणसाचा पाठिंबा घटतो, असं त्यांना दिसलं. बघणाऱ्याला वाटतं, हे आपल्यातले नाहीत. पुन्हा गंमत अशी की टोकाला गेल्याशिवाय वर्तमानपत्र दखल घेत नाही. म्हणजे गप्प राहिलं तर कुणी ऐकत नाही आणि ओरडलं तर कुणाला पटत नाही.

मामा : झालं तर मग.

भाची : नाही झालं. त्यातल्याच विलर आणि फाइनबर्गनी सिम्पसनबरोबर 2022 मध्ये दुसरा अभ्यास छापला. चळवळीतला एक गट जहाल वागला की त्याच चळवळीतल्या मवाळ गटाचा पाठिंबा वाढतो. लोक म्हणतात, त्या माथेफिरूंपेक्षा हे बरे. मी शिव्या खाल्ल्या तर दुसऱ्या कुणाचं काम सोपं होईल. तो सौदा मला मंजूर आहे.

मामा : त्यासाठी आधी मवाळ लागतात ना? मुंबई-पुण्याला असतील. नाशिकरोडला व्हीगन म्हणून लोक पहिल्यांदा बघणार ते तुमचा मुखवटा. 'त्यापेक्षा हे बरे' म्हणायला दुसरं कोण आहे इथं?

भाची : तुम्ही आहात की. माळकरी. गावोगाव लाखो माणसांनी मांस सोडलंय. तेच आमचे मवाळ.

मामा : (हसून) आम्हाला तुझ्या पंगतीत बसवू नकोस, आमच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध सगळं असतं. पण उदाहरण बरं काढलंस. एवढ्या लोकांनी मांस सोडलं ते कसं? माझा बाप पक्का खाणारा. गावात सप्ताह बसला, कीर्तन ऐकलं, माळ घातली, सुटलं. आई आणि आम्ही पोरं खातच होतो. घरात त्याचं भांडं वेगळं, आमचा रस्सा वेगळा, जेवायला सगळे एकाच ओळीत. त्यानं कधी आमच्या ताटाकडे बघून नाक मुरडलं नाही. म्हणून तर पुढं मीही माळ घातली. आणि एकटे वारकरीच असं म्हणतात असं नाही. गांधीजींनी 1931 मध्ये लंडनच्या शाकाहारी मंडळात भाषण केलं, तेव्हा त्यांनीही हेच बजावलं होतं की दुसऱ्याला वळवायचं असेल तर शाकाहाऱ्यानं सहनशील असावं, थोडं नम्र असावं.

भाची : मामा, त्या वेगात जायचं तर कोंबडीच्या किती पिढ्या जातील? ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापायला तयार होते. आणि नाशिकच्या माणसानं मला 'भिडू नको' म्हणावं? 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच असतील, रामनवमीच्या आनंदात माती कालवू नका.

मामा : तुलना जपून कर. तिथं ज्यांना आत घेत नव्हते तेच दारात बसले होते. हक्क त्यांचा, दगडही त्यांनीच झेलले. बाबासाहेबांनी लढा उभा केला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला. आणि समोर कोण होतं? ज्यांच्या हातात देवळाची किल्ली होती ते. तू चौकात उभी राहशील तेव्हा समोर कोण असेल? भाड्याच्या गाळ्यातला खाटीक आणि सहा दिवस राबून सातव्या दिवशी अर्धा किलो घ्यायला आलेला कामगार. यातल्या कुणाच्या हातात किल्ली आहे?

भाची : कोंबडीला सत्याग्रह करता येत नाही. तिच्या वतीनं कुणालातरी उभं राहावंच लागणार.

मामा : राहा. पण दुसऱ्याच्या वतीनं उभं राहणाऱ्याची जबाबदारी जास्त, कारण चुकलं तर मार त्याला बसत नाही, भलत्यालाच बसतो. ऑगस्ट 2024 ची गोष्ट आठव. धुळ्याहून मुंबईला जाणारी एक्स्प्रेस, आपल्याच स्टेशनवरून जाते ती. जळगावकडचा सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा कल्याणला लेकीकडे निघालेला, बरोबर डब्यात मांस. गोमांस असल्याच्या संशयावरून इगतपुरीच्या आसपास पोरांनी त्याला गाडीत घेरून मारहाण केली, वर व्हिडिओही काढला. त्याआधी जून 2023 मध्ये इगतपुरी-घोटीच्या बाजूला, गोतस्करीच्या संशयावरून गाडी अडवण्याच्या दोन घटनांत एकाच महिन्यात दोन माणसांचा जीव गेला.

भाची : त्या लोकांशी माझा काय संबंध? आम्ही हिंसेच्याच विरुद्ध. उलट आमचं पहिलं भांडण त्यांच्याशी आहे. गाईला माता म्हणायचं, दूध प्यायचं आणि तिच्या गोऱ्ह्याचं काय होतं ते विचारायचं नाही!

मामा : मला कळतं गं. रस्त्यावरच्या माणसाला कसं कळणार? ज्या राज्यात 'पिशवीत काय आहे' हे जमाव विचारतो, तिथं दुसऱ्याच्या पिशवीकडे जो कुणी बोट दाखवेल तो त्याच जमावातला समजला जातो. तू घरी जाशील. दुसऱ्या दिवशी तुझाच व्हिडिओ मोबाइलवर फिरवून कुणी त्या खाटकाला दमात घेतलं, तर ते तू थांबवू शकशील?

भाची : नाही.

मामा : आणि उलटा परिणाम बघ. 2015 मध्ये पर्युषणात मुंबईत मांसविक्री बंद ठेवायचा घाट घातला, तर दादरला मनसेनं रस्त्यावरच कोंबडी विकली. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं ठेवली, तर पोरांनी मुद्दाम त्या टेबलावर बसून मांस खाल्लं आणि दंड ओढवून घेतला. 2025 च्या 15 ऑगस्टला कल्याण-डोंबिवली, मालेगाव अशा काही महापालिकांनी मांसाची दुकानं बंद ठेवायचे आदेश काढले, तर चिकन खाणं हेच आंदोलन झालं. त्यात अस्मिता शिरली की ज्यानं आठवड्यात एकदा खाल्लं असतं तो दोनदा खातो. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाच. कुणाच्या ताटाला आपण किती पिढ्या नाक मुरडलं ते कळेल. त्या माणसाला तुझा पडदा कोंबडीविषयी काही सांगत नाही. तो म्हणतो, आले पुन्हा आम्हाला शुद्ध करायला.

भाची : तुम्ही साऱ्या बंद्या माझ्या नावावर मांडताय. मी सरकारकडे कुणाचं दुकान बंद करा असं मागतच नाहीये. बंदी वरून येते. मी खाली उभी राहून माणसाशी बोलते. यात फरक नाही?

मामा : आहे, मोठा आहे. बंदीचं काय होतं ते तर आपण सप्तशृंगीला बघितलं. 2016 च्या दसऱ्याला गडावर बोकडबळीच्या वेळी सलामीच्या गोळीबारात भाविक जखमी झाले, पुढं तो बळीच बंद झाला. एक आदिवासी संस्था हायकोर्टात गेली आणि 2022 मध्ये अटींसह तो परत सुरू झाला. बैलगाडा शर्यतींचंही तेच. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी, मे 2023 मध्ये घटनापीठाचं शिक्कामोर्तब. मधल्या काळात शर्यत हा नाद राहिला नाही, तो शेतकऱ्याच्या मानाचा प्रश्न झाला. प्राण्याच्या बाजूनं बोलणारे त्यात शहरी शत्रू ठरले.

भाची : पण बोलणाऱ्यांचं काही खोटं होतं का? नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीचं बघा. जुलै 2025 मध्ये हायकोर्टानं तिला जामनगरला वनतारा या प्राणिकेंद्रात पाठवायला सांगितलं. तिच्या पायांची अवस्था, तिचं एकटेपण, सगळं अहवालांत होतं. कोल्हापुरात एवढा मोर्चा निघाला, वनतारावाल्यांच्याच कंपनीची म्हणून लोकांनी मोबाइलची सिमं बदलली, पण तो अहवाल वाचला कुणी?

मामा : ज्याच्यावर राग येतो त्याचा अहवाल कोण वाचतं? आणि मोर्चात जैन मठाची माणसं होती, सात पिढ्यांत मांस न शिवलेली. जीवदयेत तुझ्यापेक्षा जुनी माणसं तुझ्या विरुद्ध रस्त्यावर येतात, तेव्हा 'लोकांना प्राण्यांचं काही नाही' असं म्हणून चालत नाही. आपली विचारण्याची रीत चुकली का, एवढं तरी बघावं.

भाची : बरं, रीतीबद्दल बोलू. गाडगेबाबा तुमचेच ना?

मामा : आमचेच. नाशकात त्यांची धर्मशाळा आहे, नावाचा पूल आहे.

भाची : त्यांच्याइतकं भिडलेलं दुसरं कोण आहे? जत्रेत, जिथं नवसाची बोकडं कापली जायची तिथं जाऊन ते कीर्तनात लोकांना सरळ प्रश्न विचारायचे. भरल्या जत्रेत लोकांच्या तोंडावर. गटारीच्या रविवारपेक्षा वेगळं काय केलं त्यांनी?

मामा : (थोडं थांबून) हे मात्र तू नेमकं काढलंस. बाबा गोड बोलून सोडणारे नव्हते. पण क्रम बघ. पहिला तंटा त्यांनी घरात केला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू-मटणाचं जेवण द्यायचं होतं. त्यांनी गोडाचं जेवण वाढलं आणि भाऊबंदांचा रोष घेतला. मग गावात जायचं ते हातात खराटा घेऊन. दिवसभर त्याच लोकांचा रस्ता झाडायचा, नाली उपसायची आणि रात्री कीर्तनात त्यांनाच झोडपायचं. सकाळपासून ज्यानं आपली घाण काढली त्याचं बोलणं झोंबलं तरी माणूस उठून जात नाही. आणि तोंडावर मुखवटा नव्हता त्यांच्या.

भाची : म्हणजे भिडायला तुमची हरकत नाही.

मामा : माझी कशी असेल? मी युनियनवाला. जून 2017 मध्ये पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप पेटला, मग जुलै 2018 मध्ये दुधाचं आंदोलन. टँकर अडवले, दूध रस्त्यावर ओतलं. शहरातले लोक हळहळले, नावंही ठेवली. पण सरकारला लिटरमागं 25 रुपये दर जाहीर करावा लागला.

भाची : तेव्हा कुणाला धक्का बसला तर चालत होतं!

मामा : धक्का कुणाला दिला ते बघ. सरकारला आणि दूध संघांना. चहा पिणाऱ्याच्या कपाला आम्ही हात लावला नाही. युनियनमध्ये पहिली गोष्ट हीच शिकवायचे. मोर्चा काढायचा तर तो कुणाच्या दारात न्यायचा ते आधी ठरवा. ज्याच्या सहीनं निर्णय बदलतो त्याच्या दारात. गेटवरच्या वॉचमनच्या अंगावर धावून जाऊन पगारवाढ मिळत नाही.

भाची : (विचार करून) हे आमच्याकडेही लागू पडतंय. 2017 मध्ये अमेरिकेत बर्कलेला एका मटणाच्या दुकानासमोर आमच्यासारख्यांनी महिनोन्‌महिने निदर्शनं केली. कंटाळून मालकानं दुकानाच्या काचेत पाटी लावली की प्राण्यांना मारणं अन्याय आहे. पाटी लागली आणि विक्रीही चालू राहिली. उलट मालकाला सहानुभूती मिळाली. ऑस्ट्रेलियात एप्रिल 2019 मध्ये कार्यकर्त्यांनी मेलबर्नचा भर चौक अडवला. त्याच वर्षी तिथं शेतांत घुसायला चिथावणी देणाऱ्यांविरुद्ध नवा कायदा आला, पंतप्रधानांनीही तोंडसुख घेतलं. दुसरीकडे पिंजऱ्यातल्या अंड्यांविरुद्धची मोहीम बघा. तीही आक्रमकच होती, पण रोख मोठ्या कंपन्यांवर होता. मॅकडोनाल्ड्सनं अमेरिकेत 2015 मध्ये शब्द दिला, दहा वर्षांची मुदत घेतली आणि 2024 मध्येच सगळी अंडी बिनपिंजऱ्याची केली. युरोपात तर जुन्या पद्धतीचे पिंजरे 2012 पासून कायद्यानं बंद आहेत. आपल्याकडेही सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी 2014 मध्ये बंद झाली. लिपस्टिक लावणाऱ्या बाईला कुणी चौकात अडवलं नव्हतं.

मामा : मग माझ्याशी भांडतेस कशाला?

भाची : कारण तुमच्याही दारात मोर्चा आणायचाय. पळशाला धाकट्या मामांच्या गोठ्यात मागच्या महिन्यात एचएफ या विदेशी जातीची गाय व्याली. काळापांढरा गोऱ्हा झाला. मी फोटो बघितला होता. आता कुठे आहे तो?

मामा : ...

भाची : तुम्हीच म्हणालात, जिथं निर्णय होतो तिथं विचारावं.

मामा : नाहीये तो. पंधरा-वीस दिवस होता. कसं होतं ते सांगतो. गाय व्याली की पहिले तीन-चार दिवस चीक. पुढं सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर जातं. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचा घन अंश, लागलं तर पूर्ण दर, नाहीतर कापतात. कालवड असेल तर तिला पोटभर पाजतात, ती उद्याची गाय. गोऱ्ह्याला कासेला लावतात ते पान्हा फुटेपर्यंत, मग ओढून बाजूला बांधतात. एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं, जू मानेवर बसत नाही, ऊन सोसत नाही. ट्रॅक्टर आल्यावर खिलार खोंडालाही काम उरलं नाही, याला कोण विचारतो? पूर्वी व्यापारी न्यायचा. मार्च 2015 पासून गाईबरोबर बैल-गोऱ्हेही कायद्यात आले, तेव्हापासून तोही उघड येत नाही. मग दूध कमी पाजतात. हगवण लागते. डॉक्टरला बोलवायला कुणी घाई करत नाही. कुणी मारत नाही त्याला. तो मरतो.

भाची : आणि जे जगतात ते रस्त्यावर. 2019 च्या पशुगणनेत देशात 50 लाख मोकाट गाई-बैल मोजले. मामा, हेच मी चौकात पडद्यावर दाखवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, लोकांच्या आनंदात माती कालवते.

मामा : म्हटलं असतं. पण आत्ता का सांगितलं मी? तू समोर बसून, नाव घेऊन, आपल्याच गोठ्याबद्दल विचारलंस म्हणून. पडद्यावरचा गोऱ्हा कुठल्यातरी परदेशातला असता. मी मान फिरवली असती.

भाची : मग आता दूध सोडाल?

मामा : नाही. खोटं कशाला बोलू? धाकट्याच्या घरात दर दहा दिवसांनी खात्रीनं येणारा पैसा फक्त दुधाचा आहे. कांद्याचा भाव कोसळला त्या वर्षी गोठ्यानंच घर तारलं. त्याला 'गाई विक' म्हणायचा अधिकार शहरात पेन्शन खाणाऱ्या मला नाही, तुलाही नाही.

भाची : मी अधिकाराचं बोलत नाही, गोऱ्ह्याचं बोलते. तुमच्या पोटापाण्यासाठी त्याचा जीव जावा, हे मी कधीच बरोबर म्हणणार नाही.

मामा : म्हणू नकोस. पण मधली वाट तरी चाल. मादीच जन्मेल अशा रेतमात्रा आता मिळतात, शंभरात नव्वद वेळा कालवड होते. आमच्याकडे त्या वेळेवर मिळत नाहीत. दूध संस्थेची वार्षिक सभा असते. तिथं येऊन विचार की या रेतमात्रा प्रत्येक सभासदाला का मिळत नाहीत, जन्मलेल्या गोऱ्ह्याच्या खुराकासाठी संघ लिटरमागं काही पैसे का काढत नाही, त्यांची नोंद कोण ठेवतं. अध्यक्षांच्या तोंडावर विचार. हवं तेवढं आक्रमक हो. मी शेजारी उभा राहीन.

भाची : ही सुधारणा झाली, मामा. मला गोठाच नको आहे. गाय दर वर्षी गाभण ठेवायची आणि आटली की भाकड म्हणून ओझं मानायचं, हे रेतमात्रेनं बदलत नाही.

मामा : ठाऊक आहे. तुझी मागणी तू सोडू नकोस. मी फक्त ती कुठल्या दारात मांडायची ते सांगतोय.

भाची : सभेला येते. गटारीचा कार्यक्रम रद्द नाही करत, जागा बदलते. अंड्यांच्या कंपनीच्या ऑफिससमोर उभे राहू, मुखवट्याशिवाय, नाव सांगून. आणि बकऱ्याच्या जागी हॅचरीतलं नर पिल्लू दाखवू.

मामा : सभेला चहा दुधाचाच असतो हं.

भाची : मी कोरा मागेन. तुम्हालाही विचारीन, सगळ्यांसमोर.

दोघांचे दुधावर एकमत झाले नाही आणि होण्यासारखेही नाही. पण रीतीचा निवाडा करता येतो. आक्रमक असणे हा गुन्हा नाही. महाराष्ट्रात कुठलीही सुधारणा कुणाला न टोचता झालेली नाही. मटणाच्या दुकानासमोरचे निदर्शन मात्र आज, इथे, प्राण्यांचेच नुकसान करते. ते गिऱ्हाइकाला नवे काही दाखवत नाही, ज्याच्या हातात काही नाही अशा माणसाला आरोपी करते आणि दुसऱ्याच्या डब्यात डोकावणाऱ्या जमावाला आयते बळ देते. तोच आवेश पिंजऱ्यातून अंडी घेणाऱ्या कंपन्या, हॅचऱ्या, दूध संघ आणि स्वतःचे घर यांच्याकडे वळला तर त्याचा उपयोग होतो, हे अनुभवाने दिसले आहे.

आणि हा लेख वाचणाऱ्या शाकाहारी वाचकांना एक विनंती. चिकनवाल्याकडे बोट दाखवण्याआधी, आपण ज्या संघाचे दूध घेता त्याला एक पत्र लिहा. गेल्या वर्षी तुमच्या सभासदांच्या गोठ्यांत किती गोऱ्हे जन्मले आणि त्यांतले आज किती जिवंत आहेत, एवढेच विचारा. उत्तर लेखी मागा.